घरातील झाडे : खरे फायदे, निगा आणि रोपवाटिकेतील पूर्वतयारी

शहागंज ही छत्रपती संभाजीनगरची जुनी पेठ. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास भाजी-फळांचा बाजार भरतो आणि जवळच्या तालुक्यांतून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना हा भाग चांगला परिचयाचा आहे. या पेठेतील गल्ल्यांमधून चालताना घराघरांतून हिरवी पाने डोकावताना दिसतात. कोठे तेलाच्या डब्यात वाढलेला मनीप्लँट, कोठे काचेच्या बाटलीत सोडलेली वेल, कोठे जिन्याच्या पायरीवर ठेवलेला स्नेक प्लँट. ही हौस आता खेड्यातील सिमेंटच्या घरांतही आली आहे. साहजिकच शेडनेटमध्ये शोभिवंत रोपे तयार करून विकण्याचा जोडधंदा करावा, असा विचार अनेक शेतकरी बंधू-भगिनी करू लागले आहेत.

हौस चांगलीच आहे. परंतु ही रोपे विकताना जी कारणे सांगितली जातात, ती तपासून घेणे आवश्यक आहे. 'हे झाड रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते', 'हे खोलीतील विषारी वायू शोषून घेते', 'हे ठेवले की हवा शुद्ध' अशी वाक्ये ग्राहकाला ऐकवली जातात आणि तोही ती पुढे सांगतो. यात विक्रेत्याची पत तर गुंतलेली आहेच, पण एका बाबतीत घरातील माणसांचा जीवही गुंतलेला आहे. म्हणून आधी हिशोब पाहू.

प्राणवायूचा हिशोब

माणसाला दिवसभरात साधारणपणे ५०० ते ५५० लिटर प्राणवायू लागतो. झाड प्राणवायू सोडते ते प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी, म्हणजे उजेड असतानाच, आणि किती सोडते हे उजेडावर अवलंबून असते. उन्हाळ्यातील भर दुपारी शेतात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. घरात खिडकीजवळ तो एक-दोन हजार लक्सपर्यंत उतरतो, खोलीच्या मध्यभागी १०० ते २०० लक्स उरतो आणि जुन्या घरातील आतल्या खोलीत त्याहूनही कमी असतो. आपले डोळे अंधाराला सरावतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. पानांना मात्र तो लगेच जाणवतो.

अशा मंद उजेडात एक चौरस मीटर पानांकडून दिवसाला एक लिटर प्राणवायू मिळतो असे उदारपणे धरले, तरी एका माणसासाठी ५०० चौरस मीटर पाने लागतील. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे जमीन झाकेल एवढी पाने! मध्यम आकाराच्या चार कुंड्यांची पाने मिळून एक चौरस मीटर होतात असे मानले, तर दोन हजार कुंड्या झाल्या. त्यातून रात्रीच्या श्वसनात खर्च होणारा प्राणवायू वजा करावयाचा राहिलाच आहे. हा ढोबळ अंदाज आहे, पण दोन कुंड्या आणि दोन हजार कुंड्या यांतील अंतर ढोबळ अंदाजानेही मिटत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री खोलीत झाड असले तर ते आपला प्राणवायू ओढून घेते, त्यामुळे झाडाजवळ झोपू नये, असा एक समज आहे. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा असते. तिच्यातील प्राणवायू सुमारे सात हजार लिटर भरतो आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. झोपलेल्या माणसाच्या श्वसनापुढे एका कुंडीचे श्वसन नगण्य आहे. म्हणजे उशाशी कुंडी ठेवल्याने फायदा नाही, तसा तोटाही नाही.

स्नेक प्लँटबद्दलचा गैरसमज कोठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. कोरफड, निवडुंग, अननस आणि स्नेक प्लँट या वनस्पती कोरड्या प्रदेशात पाणी वाचविण्यासाठी आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री त्या कर्बवायू आत घेतात आणि तो आम्लाच्या स्वरूपात साठवतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्यापासून अन्न तयार होते. रात्री होते ते एवढेच की कर्बवायू आत घेतला जातो. प्राणवायू तयार होण्यासाठी उजेडच लागतो. 'रात्री कर्बवायू घेते' याचे कोणीतरी 'रात्री प्राणवायू देते' असे केले आणि तेच बाजारात चालू झाले.

हवा शुद्ध होते काय ?

या समजुतीचे मूळ बहुतांशी १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी डॉ. वॉल्व्हर्टन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू हवाबंद पेटीत सोडून त्यात कुंडी ठेवली, तेव्हा त्या वायूंचे प्रमाण कमी झालेले आढळले. प्रयोग खरा होता. अंतराळयानासारख्या बंद जागेसाठी तो उपयुक्तही होता. पण आपले घर हवाबंद पेटी नाही. २०१९ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून हिशोब मांडला. घरात नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीने वायूंचा जितका निचरा होतो, तितका झाडांकडून करून घ्यायचा असेल, तर दर चौरस मीटर जमिनीवर किमान १० आणि कमाल १००० झाडे ठेवावी लागतील, असे त्यांना आढळले. वर धरलेली दहा बाय बारा फुटांची खोली ११ चौरस मीटरची आहे. किमान आकडा धरला तरी ११० कुंड्या. मग माणसाने बसायचे कोठे ?

दिल्लीच्या नेहरू प्लेस भागातील पहारपूर बिझनेस सेंटर या इमारतीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे सुमारे ३०० माणसांसाठी १२०० झाडे ठेवण्यात आली. तेथील मापानुसार माणशी खांद्याएवढ्या उंचीची चार अरेका पामची झाडे आणि त्याशिवाय कमरेएवढ्या उंचीचे सहा ते आठ स्नेक प्लँट लागतात. पाच माणसांच्या कुटुंबाला वीस अरेका आणि तीस ते चाळीस स्नेक प्लँट झाले. हे उदाहरण देणारे हा आकडा मात्र सांगत नाहीत.

आता जिवाशी असलेला संबंध. मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत अनेक घरांत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपतात. डासांसाठी कॉइल आणि देवघरात अगरबत्ती रोजचीच आहे. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. कोपऱ्यात कुंडी आहे म्हणून हवा स्वच्छ राहील, अशा भरवशावर कोणी खिडकी बंद ठेवली तर ते झाड त्याला वाचवू शकत नाही. पेटती शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवूच नये. धुरासाठी समोरासमोरची दोन तावदाने पंधरा मिनिटे उघडी ठेवणे हे शंभर कुंड्यांपेक्षा अधिक परिणामकारक आहे. रोपे विकणाऱ्याने ही गोष्ट ग्राहकाला स्वतःहून सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्द्रतेबद्दलही थोडक्यात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि झाडे बाष्पोत्सर्जनाने ओलावा देतात हे खरे आहे. परंतु एका कुंडीला आठवड्यात दिलेले एक लिटर पाणी साधा कूलर अर्ध्या तासाच्या आत उडवतो. तेव्हा कुंडीमुळे खोली थंड होईल, ही अपेक्षा धरू नये.

मग झाड ठेवायचे कशासाठी ?

कारण फायदा आहे, फक्त तो हवेत नाही. १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉजर उलरिक यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हानिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर त्यांच्याशी वय वगैरे बाबतीत जुळणाऱ्या दुसऱ्या २३ रुग्णांच्या खिडकीतून फक्त विटांची भिंत दिसत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. हा अभ्यास बाहेरच्या झाडांचा आहे, कुंडीतील नव्हे. तरीही शहागंजसारख्या भागात, जेथे कित्येक खिडक्यांसमोर चार-पाच हातांवर दुसऱ्याची भिंतच उभी आहे, तेथे खिडकीत ठेवलेल्या हिरव्या पानांचे मोल यावरून लक्षात यावे.

दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७६ साली कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात लँगर आणि रोडिन या दोन संशोधिकांनी दोन मजल्यांवरील वृद्धांची तुलना केली. दोन्ही मजल्यांवरील वृद्धांना एकेक रोप देण्यात आले होते. एका मजल्यावर सांगण्यात आले की तुमचे रोप तुम्ही निवडा, त्याची निगा तुम्हीच राखा आणि आपल्या खोलीतील इतर गोष्टीही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोपाला पाणी परिचारिका घालणार होत्या. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक उत्साही, अधिक मिसळणारे व सावध दिसून आले. झाड दोन्हीकडे होते. फरक जबाबदारी कोणाची, यात होता. आपल्या घरात शेत सुटलेले आजोबा किंवा गाव सोडून मुलाकडे शहरात राहायला आलेली आजी असेल, तर घरातील कुंड्या नोकराकडे किंवा सुनेकडे न देता त्यांच्याकडे द्याव्यात. आयुष्यभर पीक सांभाळलेल्या हाताला काम मिळते. लहान मुलांसाठीही तेच. बाटलीत मनीप्लँटला मूळ फुटताना पाहिलेल्या मुलाला पुस्तकातील मुळाचे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जुनी घरे आणि उजेड

शहागंज व आसपासच्या जुन्या पेठांत पूर्वी घराच्या मधोमध चौक असे. वाड्यात तुळशीवृंदावन, मुसलमान घरांतील सहनात मेंदी, मोगरा किंवा लिंबाचे झाड. झाड घराच्या आत असूनही आकाशाखाली होते. वाटण्या झाल्या, मजले चढले, चौक झाकले गेले आणि झाडे कुंडीत बसून खोलीत आली. त्यामुळे आज सर्वांत मोठी अडचण उजेडाची आहे.

उजेड मोजण्याची एक सोपी रीत आहे. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर तळहात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड चांगला. तेथे कोरफड, पानओवा, क्रोटन ठेवता येईल. सावली फिकट पण ओळखू येण्यासारखी असेल, तर सिंगोनियम, स्पायडर प्लँट, पीस लिली, मनीप्लँट चालतील. सावली जेमतेमच दिसली तर झेडझेड प्लँट, स्नेक प्लँट किंवा हिरव्या पानांचा ॲग्लोनिमा ठेवावा. तीही तेथे वाढणार नाहीत, फक्त तग धरतील. सावलीच पडत नसेल तर त्या जागी झाड ठेवू नये. तुळस कोणत्याही खोलीत ठेवू नये. तिला रोज चार-पाच तास ऊन लागते आणि घरात ती महिन्याभरात काड्या होते.

गच्ची असलेल्यांनी जोडकुंडीची पद्धत अवलंबावी. एकाच जातीच्या दोन कुंड्या ठेवून एक पंधरा दिवस घरात आणि दुसरी गच्चीवर सावलीच्या जाळीखाली ठेवावी व नंतर अदलाबदल करावी. घरातील कुंडी एकदम उन्हात नेल्यास पाने भाजतात, म्हणून जाळी आवश्यक आहे.

माती आणि पाणी

आपल्या शेतातील काळी माती कुंडीत भरण्याचा मोह टाळावा. कापसाला जी माती सोन्यासारखी, तीच कुंडीत ओली झाली की फुगते, वाळली की कडा सोडते आणि तिच्यातून निचरा होत नाही. तांबडी किंवा पोयटा माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू किंवा धुतलेले कोकोपीट एक भाग असे मिश्रण करावे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे.

घरातील झाडे पाण्यावाचून कमी आणि पाण्याने जास्त मरतात. मंद उजेडात झाडाला पाणी कमी लागते, पण हात रोज तांब्याकडे जातो. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर पाणी देऊ नये. मराठवाड्यातील अनेक विहिरी व बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. त्यामुळे कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो आणि पानांची टोके करपतात. अशा वेळी दीड-दोन महिन्यांतून एकदा कुंडी बाहेर नेऊन छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईल असे पाणी द्यावे. पावसाळ्यात पागोळीचे पाणी मिळाल्यास उत्तम.

डास, खाज आणि फवारणी

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला घरातील साठलेले स्वच्छ पाणी लागते. कुंडीखालची बशी आणि मनीप्लँटची बाटली ही त्याची आवडती ठिकाणे. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची सवय या शहराला अनेक वर्षांची, त्यामुळे बादल्या-पिंपे भरून ठेवलेलीच असतात. त्यात या बाटल्यांची भर पडते. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी बाटलीतील पाणी बदलावे. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी काचेच्या आतील बाजूस चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून बाटली व बशी आतून घासून धुवावी. हे जमत नसेल तर मनीप्लँट मातीतच लावावा.

डिफेनबेकिया हे मोठ्या ठिपकेदार पानांचे झाड अनेक घरांत दिसते. ते अळू आणि सुरणाच्या कुळातील आहे. खाजरे अळू घशाला का खाजते हे आपल्या घरच्या बायकांना सांगावे लागत नाही. तेच सुईसारखे कण या झाडात फार मोठ्या प्रमाणावर असतात. रांगत्या मुलाने पान चावल्यास जीभ आणि तोंड सुजते. मनीप्लँट, सिंगोनियम, पीस लिली यांतही हा गुण कमी-अधिक आहे. म्हणून लहान मूल असलेल्या घरात ही झाडे उंचावर ठेवावीत आणि छाटलेल्या वेली शेळ्या-वासरांपुढे टाकू नयेत.

पिठ्या ढेकूण या किडीला कापूस व सीताफळ पिकविणारे शेतकरी ओळखतात. तीच कीड घरातील झाडांवरही येते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून ढेकूण पुसून काढावेत किंवा साबणाच्या सौम्य पाण्याने पाने धुवावीत. प्रादुर्भाव जास्त असल्यास कुंडी अंगणात नेऊन निंबोळी अर्क पाच टक्के फवारावा. शेतातील फवारणीनंतर उरलेले कीटकनाशक घरातील झाडावर मारण्याची चूक कदापि करू नये. शेतात वारा असतो, खोलीत नसतो, आणि त्याच खोलीत माणसे जेवतात व झोपतात.

रोपवाटिकाधारकांसाठी

ग्राहकाची मुख्य तक्रार असते ती 'घरी नेले आणि पंधरा दिवसांत पाने गळाली' ही. याचे कारण बहुतेक वेळा ग्राहकाची निगा नसून रोपवाटिकेतील घाई असते. भरपूर उजेडात व भरपूर नत्रावर वाढविलेल्या रोपाची पाने जाड आणि लहान असतात. अशी पाने मंद उजेडात स्वतःचा श्वसनाचा खर्चही भागवू शकत नाहीत. मग झाड ती टाकून देते. फायकस जातीत हे विशेष दिसते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपोपका येथील केंद्रात कोनोव्हर आणि पूल यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केले. विक्रीपूर्वी काही आठवडे रोपांना कमी उजेडाची सवय लावल्यास ती घरात टिकतात, हे या कामातून पुढे आले.

यासाठी विक्रीयोग्य झालेली रोपे ७५ टक्के सावलीच्या जाळीखाली चार ते सहा आठवडे ठेवावीत. या काळात खताची मात्रा निम्म्यावर आणावी आणि दोन पाण्यांतील अंतर हळूहळू वाढवावे. शेवटच्या आठवड्यात एकदा साध्या पाण्याने कुंडीतील क्षार धुऊन काढावेत, कारण मंद उजेडात मुळांना जास्त क्षार सोसत नाहीत. यामुळे जागा महिनाभर अडकते आणि रोपाची किंमत थोडी वाढवावी लागते, हे मान्य. परंतु शहागंजच्या गल्लीतील ग्राहकाच्या घरात सहा महिने टिकलेले झाड शेजारच्या तीन घरांत रोप विकते, आणि मेलेले झाड त्या तीनही घरांत तुमचे नाव सांगते.

प्रत्येक कुंडीला मराठीत, आणि शहागंजसारख्या भागात शक्य असेल तर उर्दूतही, एक छोटी चिठ्ठी लावावी. तिच्यावर झाडाचे नाव, सावलीच्या परीक्षेप्रमाणे कोठे ठेवावे, पाणी केव्हा द्यावे आणि मुलांपासून दूर ठेवावे किंवा कसे, एवढ्या चार ओळी पुरेत. प्राणवायूचा उल्लेख चिठ्ठीवर करू नये. पहिल्याच वर्षी वीस जाती घेण्याऐवजी मनीप्लँट, स्नेक प्लँट, झेडझेड आणि सिंगोनियम या चारच जातींपासून सुरुवात करावी. यांची अभिवृद्धी फाटे, पाने किंवा कंद विभागून घरच्या घरी करता येते. मनीप्लँट व सिंगोनियमचे फाटे पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, लावावेत. झेडझेडच्या पानापासून रोप तयार होण्यास बरेच महिने लागतात, म्हणून त्याची लावण सर्वांत आधी करून ठेवावी.